अडखळणारे चित्र आणि संस्थेची तिजोरी

बडोद्यातील मराठी संस्थांच्या बैठकांत अलीकडे एक नवा विषय शिरला आहे. गणेशोत्सवातले गाणे, व्याख्यानमाला, कीर्तन, हौशी मंडळींचे नाटक यांचे चित्रीकरण आता दोन-दोन, तीन-तीन कॅमेऱ्यांनी होते. पण ते जुळवून सभासदांपुढे ठेवायची वेळ आली की संगणक अडखळतो. चित्र थांबत थांबत चालते, आवाज पुढे आणि ओठ मागे असा प्रकार होतो, आणि काम तसेच पडून राहते. मग कोणीतरी सुचवतो, नवा संगणक घ्या. ठराव होतो, वर्गणी गोळा होऊ लागते. या ठरावाची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्रावर बोजा पडतो हे खरे. पूर्वीच्या डी.व्ही. कॅसेटवरील चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असे. आजच्या फोर-के चित्रात ३८४० बाय २१६० बिंदू असतात, म्हणजे बरोबर वीसपट. सेकंदाला २५ चित्रे दाखवायची म्हटली, तर प्रत्येक चित्रासाठी संगणकाला ४० मिलिसेकंदांची सवड मिळते. तेवढ्यात फाइल वाचायची, चित्र उलगडायचे, त्यावर रंगाचे संस्कार करायचे आणि ते पडद्यावर टाकायचे. एखादे चित्र वेळेवर तयार झाले नाही तर ते गाळले जाते, आणि त्यालाच आपण अडखळणे म्हणतो.

परंतु या चार कामांपैकी कोणत्या कामात गाडे अडते, हे पाहिल्यावाचून औषध ठरवता येत नाही. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या गतीने चित्रण साठवतो असे धरले, तर ते झाले साडेबारा मेगाबाइट. साधी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्कसुद्धा ओळीने वाचताना सेकंदाला शंभर मेगाबाइटांहून अधिक देते. मग अडचण कोठे आहे? ती घडी उलगडण्यात आहे. तेच साडेबारा मेगाबाइट उलगडले की पडद्यासाठी सुमारे ८३० मेगाबाइट होतात. शिवाय एच.२६४ आणि एच.२६५ या पद्धतींत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. एक चित्र पूर्ण, आणि पुढच्या चित्रांत केवळ काय बदलले त्याची नोंद, अशी ही मांडणी असते. त्यामुळे मधलेच एखादे चित्र पाहायचे तर संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापासून हिशेब करीत यावे लागते. कीर्तनाला उशिरा येणाऱ्याला उत्तररंग कळावा म्हणून बुवांनी दर वेळी पूर्वरंगापासून सुरुवात करावी, तसे हे आहे. नुसते पाहताना जी फाइल सुरळीत चालते तीच संकलनात मागेपुढे करताना का रुसते, याचे कारण हे.

मी गेली काही वर्षे येथील एका संस्थेच्या चित्रीकरणाचे संकलन करतो. तेथेही एका दुकानदाराने जुना संगणक भंगारात काढण्याचा सल्ला दिला होता. आम्ही आधी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून काम चालू असताना आकडे पाहिले. प्रोसेसरला भरपूर उसंत होती, ८ जी.बी. मेमरी मात्र काठोकाठ भरलेली होती, आणि जागा नाही म्हणून संगणक तोच मजकूर डिस्कवर ठेवीत नि पुन्हा उचलीत होता. मेमरी ३२ जी.बी. केली, चालू कामासाठी एक एस.एस.डी. बसवली, आणि दोन कॅमेऱ्यांचे काम मार्गी लागले. पाहणीला पाच मिनिटे लागली होती.

म्हणून खर्चाचा क्रम मला असा वाटतो. प्रथम मेमरी: १६ जी.बी.पेक्षा कमी असेल तर बाकीचे सारे बोलणे व्यर्थ. मात्र २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर झपाट्याने चढले, तेव्हा लागेल तेवढीच घ्यावी. दुसरी एस.एस.डी.; कारण तीन कॅमेऱ्यांच्या फाइली एकदम वाचताना फिरत्या डिस्कची सुई इकडून तिकडे धावत राहते, आणि तिचा वेळ वाचण्यापेक्षा धावण्यातच जातो. ग्राफिक्स कार्डाचा विचार तिसरा. त्यातही मोठा आकडा पाहून भुलू नये. आपल्या कॅमेऱ्याची फाइल त्याला स्वतः उलगडता येते का, हे विचारावे. इंटेलच्या प्रोसेसरांत १० बिटांचे एच.२६५ यंत्रांगातच उलगडण्याची सोय सातव्या पिढीपासून आली. रंगाची अधिक माहिती बाळगणारा ४:२:२ हा प्रकार इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांनी २०२१ मध्ये, अकराव्या पिढीत, हाताळला. एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांत ती सोय २०२५ च्या आर.टी.एक्स. ५० मालिकेपर्यंत नव्हती. म्हणजे मधल्या काळातले भारी किमतीचे कार्ड घेऊनही नेमक्या आपल्या फाइलीपुढे ते हात टेकू शकते.

आणि या सर्वांच्या आधी एक उपाय आहे, ज्याला एक पैसाही लागत नाही. फिल्मच्या काळात संकलक मूळ निगेटिव्हला कात्री लावीत नसे. तिच्यावरून काढलेल्या कामचलाऊ प्रतीवर तो कापाकाप करी, आणि सारे मनासारखे जुळले की त्या बेताबरहुकूम निगेटिव्ह कापली जाई. आजची प्रॉक्सी म्हणजे तीच कामचलाऊ प्रत. फोर-के फाइलींवरून १२८० बाय ७२० च्या लहान प्रती करून घेतल्या, तर बिंदू एक नवमांश उरतात. त्याही प्रत्येक चित्र स्वतंत्र साठवणाऱ्या पद्धतीत केल्या, तर जुना संगणकही निमूटपणे चालतो. प्रती रात्रभरात तयार होतात; अंतिम चित्रपट काढताना प्रणाली आपोआप मूळ फाइली उचलते. केडेनलाइव्हसारख्या विनामूल्य प्रणालीतही ही सोय आहे. रंग आणि चित्राचा ठसठशीतपणा तेवढा मूळ फाइलीवर तपासावा. दादासाहेब फाळके ज्या गावाच्या कलाभवनात शिकले त्या गावाला ही युक्ती नव्याने शिकवावी लागू नये.

यावर कोणी म्हणेल की जुन्या यंत्राला ठिगळे लावण्यालाही मर्यादा आहे. ती आहेच. ज्या संगणकात मेमरी वाढवायला जागा नाही, किंवा जो विंडोज १० च्या पुढे जाऊ शकत नाही, त्याच्यावर पैसा घालू नये. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कार्यक्रम चालू असतानाच चार कॅमेऱ्यांतून निवड करून थेट प्रक्षेपण करणाऱ्यांनाही माझा प्रॉक्सीचा उपदेश लागू नाही. त्यांनी चांगले यंत्र अवश्य घ्यावे. पण आपल्या बहुतेक संस्थांचे काम तसे नसते. ते रविवारी दुपारी, फुरसतीने, एखाददुसऱ्या उत्साही सभासदाकडून होत असते.

मला चिंता वाटते ती या दुसऱ्याच गोष्टीची. संगणक येईल तेव्हा करू, म्हणून जी चित्रणे कपाटात पडून आहेत, त्यांतील कित्येक गायक आणि वक्ते आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आपला आवाज आणि आपले शब्द नीट जुळवून झालेले पाहण्याचा त्यांना हक्क आहे, आणि त्यांच्या नातवंडांनाही. शिवाय ती चित्रणे बहुधा एकाच डिस्कवर असतात. ती डिस्क बिघडली तर कोणत्याही किमतीचा संगणक ती परत आणणार नाही.

तेव्हा कार्यकारी मंडळांना माझी विनंती अशी की, ठराव बदलावा. प्रथम दोषाची पाहणी, मग प्रॉक्सी, मग मेमरी आणि एस.एस.डी.; आणि वर्गणीतून जे उरेल त्यातून दोन मोठ्या हार्ड डिस्क घेऊन प्रत्येक चित्रणाच्या दोन प्रती दोन निराळ्या घरांत ठेवाव्यात. इतके करूनही चित्र अडखळलेच, तर नव्या संगणकाच्या वर्गणीत पहिली पावती मी फाडीन.