प्लॅस्टिकची धोप

परवा शिवजयंतीला निलंग्यात भाचा प्लॅस्टिकची तलवार मिरवत होता. चंद्रकोरीसारखं पातं, मुठीला नुसती आडवी दांडी. "मामा, मी मावळा!" काय बोलणार?

मराठ्यांकडे वाकड्या तलवारी होत्याच, पण खास ओळख धोपेची. तिचं पातं लांब, सरळ. मूठ बोटं झाकणारी, मागे गज. तो दुसऱ्या हाताने धरून दोन्ही हातांनी वार करता येई.

एका साच्यातून हजारो तलवारी निघतात. तो साचा संग्रहालयातली खरी धोप बघून बनवला, तर एका तलवारीमागे खर्च कितीसा वाढेल? २०२४ साली दांडपट्टा राज्यशस्त्र झाला, पण भाच्याला तो ओळखता येत नाही. खेळण्यातूनच तर पोरं इतिहास शिकतात.

दोष एकट्या दुकानदाराचा नाही. आपण घोषणा खणखणीत देतो आणि विकत काहीही घेतो. असो. पुढच्या वर्षी आधी विचारणार, "सरळ पात्याची आहे का हो?"