समान शत्रू, समान सन्मान

बलाढ्य आणि दुर्बल राष्ट्रांचे संरक्षणसंबंध फार काळ टिकत नाहीत, असा एक समज आहे. इतिहास मात्र दोन्ही प्रकारचे दाखले देतो.

१९५४ साली अमेरिकेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'सीटो' या लष्करी संघटनेत पाकिस्तान सामील झाला. अमेरिकेला धास्ती साम्यवादाची, तर पाकिस्तानचा रोख भारतावर! शत्रूच निरनिराळे असतील तर मैत्री कशाच्या बळावर टिकणार? १९६५ आणि १९७१च्या युद्धांत सीटो पाकिस्तानच्या मदतीला धावून आली नाही. पाकिस्तान बाहेर पडला आणि १९७७मध्ये संघटनाच विसर्जित झाली.

याउलट भारत आणि भूतान. १९४९च्या दार्जिलिंग करारात परस्परांसाठी युद्धात उतरण्याचे कलम नव्हते. परंतु चीनने तिबेट गिळंकृत केल्यावर दोघांच्याही सीमेवर एकच संकट येऊन ठाकले. साठच्या दशकाच्या प्रारंभापासून भारतीय लष्कराचे प्रशिक्षण पथक भूतानमध्ये कार्यरत आहे. डिसेंबर २००३मध्ये भूतानच्या छोट्याशा सैन्याने आपल्या भूमीवरील उल्फा, बोडो आणि कामतापुरी दहशतवाद्यांचे तळ उद्ध्वस्त केले. भारताच्या सुरक्षेसाठी एका लहान शेजाऱ्याने आपल्या सैनिकांचे रक्त सांडले, हे विसरता येणार नाही.

तथापि, समान शत्रू एवढेच पुरेसे नसते. १९४९च्या करारातील दुसऱ्या कलमान्वये भूतानने परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालावे, असे बंधन होते. २००७मध्ये नव्या कराराद्वारे भारताने हे बंधन काढून टाकले. त्याऐवजी, आपली भूमी परस्परांच्या सुरक्षेविरुद्ध वापरू द्यायची नाही, अशी दोघांनाही सारखीच लागू होणारी हमी आली. यामुळे भारताचा प्रभाव ओसरला काय? बरोबर दहा वर्षांनी, २०१७मध्ये, डोकलाममध्ये चीनने रस्ता बांधू लागताच भूतानने जाहीर निषेध नोंदवला आणि भारतीय जवान तेथे पाय रोवून उभे राहिले.

भूतान १९८४पासून चीनशी सीमाप्रश्नावर वाटाघाटी करीत आहे. २०२१मध्ये दोघांत त्यासाठी सामंजस्य करारही झाला. सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्याचा विचार करता भारताने जागरूक राहिलेच पाहिजे. पण जागरूकता म्हणजे दटावणी नव्हे. थोरल्याने थोरलेपण गाजवले की धाकटा दुसरे दार शोधू लागतो. सामर्थ्याला सौजन्याची जोड मिळते, तेथेच मैत्री पिढ्यान्‌पिढ्या टिकते. भारताने हिमालयातील हा धडा आपल्या प्रत्येक शेजाऱ्याच्या बाबतीत स्मरणात ठेवावा.