यंत्र जुने, मेंदू नवा

अमेरिकेतील बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनच्या भात्यांतील हवेचा दाब वापरून या तरुणाने १९२९ साली जमिनीवरच कलणारे, डुलणारे आणि वळणारे एक लहानसे विमान तयार केले. आरंभी त्याला जत्रेतल्या करमणुकीपलीकडे फारशी किंमत कोणी दिली नाही. १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम येऊन पडले, धुक्यात आणि वादळात अनेक वैमानिक प्राणांस मुकले, तेव्हा कोठे सैन्याने अशी सहा यंत्रे विकत घेतली. भजनातल्या पेटीच्या भात्याशी नाते सांगणारी ही विद्या पुढे घरगुती संगणकात शिरली. ब्रूस आर्टविक यांच्या रचनेवरून मायक्रोसॉफ्टने आपला पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली बाजारात आणला. २००६, २०२० आणि २०२४ साली त्याच्या मोठ्या आवृत्त्या निघाल्या, आणि आज आपल्या घरांतील मुलेही त्यात रमलेली दिसतात.

हे सारे आठवण्याचे कारण, इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र. त्यांचा मुलगा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षास आहे आणि वैमानिक होण्याचे त्याच्या मनाने घेतले आहे. घरी २०१९ साली घेतलेला संगणक आहे. त्यात ‘राइझन ५ २६००’ या जातीचा प्रोसेसर बसविलेला आहे. २०२० चा सिम्युलेटर त्यावर चालतो. पण विमान एखाद्या मोठ्या शहरावर आले की चित्र अडखळू लागते, आणि नेमके उतरण्याच्या क्षणी हातातला ताबा जातो. दुकानदाराने सबंध नवा संच घेण्याचा सल्ला दिला असून त्याची किंमत लाखाच्या पुढे जाते. यजमान पुढील वर्षी सेवानिवृत्त होणार. “मुलाचे मन मोडवत नाही आणि फंडाला हात लाववत नाही,” असे त्या लिहितात. हा प्रश्न अनेक घरांचा असल्यामुळे त्याचे उत्तर येथेच देतो.

प्रथम दुखणे कोठे आहे ते ओळखले पाहिजे. पडद्यावरील हालचाल म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे होत. चित्रपटात ती सेकंदाला २४ असतात. सिम्युलेटरमध्ये ३० मिळाली तरी घरगुती सरावाला पुरेशी होतात. याचा अर्थ एका चित्राची सारी सिद्धता सुमारे ३३ सहस्रांश सेकंदात व्हावयास हवी. तेवढ्या वेळात प्रोसेसरने विमानावरील बले मोजावयाची, वारा व हवामान विचारात घ्यावयाचे, काटे व तबकड्या फिरवावयाच्या, आसपासची इतर विमाने हलवावयाची, आणि मग काय रंगवावयाचे याचा हुकूम ग्राफिक्स कार्डाला द्यावयाचा. या आकडेमोडीलाच ४५ सहस्रांश सेकंद लागत असतील, तर चित्रे सेकंदाला २२ च मिळणार. मग रंगारी कितीही चपळ असो, हुकूम आल्याखेरीज तो कुंचला उचलू शकत नाही.

येथे चाणाक्ष वाचक विचारतील की, आजच्या प्रोसेसरमध्ये सहा-आठ गाभे असतात, ते काय करतात? शाळेतील प्रवेशाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. अर्ज तपासावयास सहा कारकून बसविले, तरी प्रत्येक अर्जावर सही मुख्याध्यापकाचीच लागते. कारकून बारा केले तरी त्या एका टेबलापुढील रांग हटत नाही. सिम्युलेटरमध्येही कामाचा एक मुख्य धागा असतो आणि पुष्कळसे काम त्यातूनच क्रमाने जावे लागते. २००६ च्या आवृत्तीत ही अडचण फारच जाणवे. २०२० च्या आवृत्तीतही ती उरली. २०२४ च्या आवृत्तीत काम अधिक गाभ्यांवर वाटण्याचा प्रयत्न केलेला आहे. म्हणून अशा कामासाठी प्रोसेसर निवडताना गाभ्यांची संख्या मोजण्यापेक्षा एकेक गाभा किती वेगाने काम उरकतो, हे पाहणे अगत्याचे.

दुसरी गोष्ट स्मृतीची. गृहिणी फोडणी करताना मोहरी-हळदीसाठी कोठीच्या खोलीत जात नाही. मिसळणाचा डबा शेगडीपाशीच असतो. प्रोसेसरच्या पोटातही असा एक डबा असतो, त्यास ‘कॅश’ म्हणतात. रॅम म्हणजे कोठीची खोली. तेथवर जाऊन येईपर्यंत प्रोसेसर नुसता खोळंबून राहतो. सिम्युलेटरला क्षणोक्षणी नानाविध माहिती लागते, म्हणून हा डबा मोठा असला की काम झपाट्याने होते. एप्रिल २०२२ मध्ये एएमडी कंपनीने ‘राइझन ७ ५८००एक्स३डी’ हा प्रोसेसर काढला. त्यात नेहमीच्या ३२ मेगाबाइट कॅशवर आणखी ६४ मेगाबाइटांचा थर चढवून ती ९६ केली होती. त्याच्या साध्या भावंडाचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, तर याचा ४.५, तरीही सिम्युलेटरमध्ये हाच पुढे गेला. जानेवारी २०२४ मध्ये त्याच घराण्यातील स्वस्त असा ‘५७००एक्स३डी’ आला.

आता ताईंच्या घरातील संगणकाकडे वळू. त्याच्या मदरबोर्डावरील बैठक ‘एएम४’ जातीची आहे, आणि वरील प्रोसेसरही याच बैठकीत बसतात. हे भाग्य प्रत्येक यंत्राच्या वाट्याला येत नाही. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढ्यांच्या प्रोसेसरांच्या बैठकीचे नाव एकच होते, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डावर चालत नसे. म्हणून नावावर न जाता, मदरबोर्ड करणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या यादीत आपल्याला हवा तो प्रोसेसर आहे की नाही, हे पाहूनच पैसे मोजावेत. मोठ्या कॅशचे हे प्रोसेसर आता प्रत्येक दुकानात मिळतीलच असे नाही. न मिळाल्यास ३२ मेगाबाइट कॅशचा ‘राइझन ५ ५६००’ हाही २६०० च्या मानाने बराच सरस ठरतो.

परंतु खरेदीपूर्वी एक विनाखर्चाची परीक्षा चिरंजीवांनी करावी. विमान मोठ्या शहरावर नेऊन चित्राचा आकार व झळाळी पुष्कळ कमी करून पाहावी. चित्रांची संख्या वाढली, तर दोष ग्राफिक्स कार्डाचा. होती तेवढीच राहिली, तर प्रोसेसरचा. २०२० च्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू केल्यास अडथळा मुख्य धाग्याचा आहे की ग्राफिक्सचा, हे पडद्यावर लिहूनच येते. त्याचबरोबर भूप्रदेशाच्या तपशिलाची पट्टी आणि इतर विमानांची वर्दळ कमी करून पाहावी. रॅमची एकच स्टिक असल्यास दोन कराव्यात. पंख्यांतील धूळ झाडावी. कित्येकदा एवढ्यानेच काम भागते आणि पैसा पेटीतच राहतो.

प्रोसेसर बदलावयाचाच ठरला, तर क्रम चुकू देऊ नये. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच मदरबोर्डाचे बायॉस अद्ययावत करून घ्यावे, कारण जुन्या बायॉसला नव्या पाहुण्याची ओळख नसते. या कामाच्या मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. तेव्हा यूपीएस जोडल्याखेरीज हात घालू नये, पावसाळ्यात तर नाहीच. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची किल्ली म्हणजे तो लांबलचक आकडा आधी वहीत उतरवून ठेवावा, कारण प्रोसेसर बदलल्यावर यंत्र तो मागण्याचा संभव असतो. मग संगणक थोडा वेळ चालवून गरम करावा, बंद करून वायर काढावी, आणि वरचा कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवीत सोडवावा. थंड असताना सरळ वर ओढल्यास वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. एएम४ बैठकीला या पिना एकूण १३३१ आहेत, आणि प्रत्येक केसाप्रमाणे नाजूक! नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. एक्स३डी जातीच्या प्रोसेसरबरोबर कूलर येत नाही आणि ते तापतातही बरेच. तेव्हा चांगल्या कूलरचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

ताई, दुकानदाराचा सल्ला अगदीच चूक होता असे म्हणवत नाही; नवा संच चालतो हे खरेच. मात्र सहा वर्षांच्या यंत्राचा एक अवयव बदलून भागत असताना निवृत्तीच्या उंबरठ्यावरील घराने संपूर्ण यंत्र मोडीत काढू नये, असे मला वाटते. आणखी एक गोष्ट चिरंजीवांना स्पष्ट सांगावी. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि घरातल्या सिम्युलेटरवरील एक तासही त्यात धरला जात नाही. काट्यांची ओळख, उतरण्याचा क्रम, मनाची स्थिरता या गोष्टी त्यावर शिकता येतात, हा लाभ लहान नव्हे. पण प्रत्यक्ष शिक्षणाचा खर्च संगणकाच्या कितीतरी पट असतो. म्हणून त्या वाटेला लागण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळे, कान, हृदय यांचा कौल आधी मिळालेला बरा.

आणि प्रोसेसर बदलण्याचे काम मुलाने एकट्याने न करता वडिलांना शेजारी बसवून करावे. एकाने सूचना वाचावी, दुसऱ्याने हात चालवावा. पैसा कोठे व का खर्च झाला हे दोघांच्याही ध्यानी राहील. काढलेला प्रोसेसर फेकू नये; तो पुठ्ठ्याच्या डबीत जपून ठेवावा. एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या संगणकात तो आणखी पाच वर्षे निमूटपणे काम करील.