पऱ्हाटी जाळायची की वापरायची?

लाकडी कोळसा म्हणजे सोनाराची शेगडी, लोहाराचा भाता आणि परटाची इस्त्री, एवढीच आपली समजूत असते. परंतु या साध्या इंधनाने दोन मोठ्या देशांना दोन निराळ्या वाटांवर नेले. तो इतिहास वऱ्हाडाच्या आजच्या प्रश्नाशी निगडित आहे.

सर विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या भद्रावतीच्या कारखान्यात १९२३ साली लाकडी कोळशावर लोखंड गाळण्यास आरंभ झाला. त्याच दशकात ब्राझीलच्या मिनास जेराईस प्रांतातही कोळशावरचा लोखंड उद्योग आकारास येत होता. भारताच्या हाताशी झरियाचा दगडी कोळसा होता. त्यामुळे आपला पोलाद उद्योग तिकडे वळला आणि लाकडी कोळसा किरकोळ धंद्यांपुरता उरला. ब्राझीलकडे तसा कोळसा नव्हता. तो लाकडालाही धरून राहिला आणि आज लाकडी कोळशाचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक आहे.

या वाटचालीची किंमत ब्राझीलच्या अरण्यांनी मोजली. १९८० च्या दशकापर्यंत बहुतांश कोळसा नैसर्गिक जंगल तोडून तयार होई. पुढे निर्बंध आले, कारखान्यांनी निलगिरीची लागवड केली आणि आता बहुतेक कोळसा लावलेल्या झाडांचा असतो. म्हणजे कोणत्या देशाने किती कोळसा जाळला, एवढ्यावरून निष्कर्ष काढणे फसवे आहे. तो कशाचा केला, कोणत्या भट्टीत केला आणि लाभ कोणाला झाला, हे खरे प्रश्न. मातीच्या पारंपरिक भट्टीत १०० किलो लाकडाचा १० ते २० किलोच कोळसा हाती येतो. सुधारित भट्टीत तो ३० किलोपर्यंत जातो.

आता अकोला-अमरावतीकडे पाहावे. कापसाची वेचणी संपली की शेतोशेती पऱ्हाटी उपटली जाते. काही घरच्या चुलीत जाते, उरलेली धुऱ्यावर पेटवून दिली जाते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात हाहाकार माजविल्यानंतर पऱ्हाटी शेतात ठेवू नये, हे शेतकऱ्याला पटले आहे. पण काढणे म्हणजे जाळणे नव्हे! हेक्टरी दोन ते तीन टन वाळली पऱ्हाटी निघते. एक लाख हेक्टरांतून दोन-तीन लाख टन. ही संपत्ती राख होत असता उत्तरेला मेळघाटात सरपणाच्या मोळ्या डोक्यावर वाहिल्या जातात, हा विरोधाभास नव्हे काय?

तंत्र अज्ञात नाही. पऱ्हाटीच्या कांड्या आणि विटा करता येतात, कोळसाही करता येतो. अडते ते गोळा करण्यापाशी. पऱ्हाटी हलकी आणि जागा व्यापणारी. दूरवर नेली की भाड्यातच नफा संपतो. म्हणून यंत्र गावातच हवे आणि ग्राहक निश्चित हवा. ब्राझीलची लागवड टिकली, कारण कोळसा घेणारा कारखाना समोर होता. औष्णिक केंद्रांनी दगडी कोळशात पाच टक्के जैवइंधन मिसळावे, असे केंद्राचे धोरण २०२१ साली आले. अकोला जिल्ह्यातच पारसचे केंद्र आहे. ग्राहक दाराशी आणि माल शिवारात. मधला दुवा मात्र नाही.

तो दुवा सहकारी जिनिंग संस्था, बचत गट आणि कृषी विद्यापीठ यांनी जोडावयाचा आहे. शासनाने खरेदीची हमी द्यावी. गावाने पेटविण्यापूर्वी हिशेब करावा. पांढरे सोने पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरी काटक्यांचेही मोल पडले पाहिजे.