लाटांपलीकडे जाण्याची विद्या

समुद्रावर जाणाऱ्या मनुष्याचें धैर्य वर्णितांना आपले लेखक व वक्ते 'लाटांशीं झुंज' हा शब्दप्रयोग इतक्या सढळ हातानें करतात, कीं लाट ही कोणी शत्रु असून तिजवर बाहुबळानें विजय मिळवितां येतो, असा समज मुलांच्या मनांत सहज रुजतो. आमच्या मतें हा समज चुकीचा आहे, इतकेंच नव्हे तर घातकहि आहे. तो कसा, हें दाखविण्यासाठीं एक लहानसें उदाहरण घेऊं. एकट्या मनुष्याची मासेमारीची होडी, जिला कयाक म्हणतात, ती उघड्या किनाऱ्यावरून फुटत्या लाटांच्या पलीकडे कशी नेतात, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं लक्षपूर्वक पाहण्यासारखें आहे.

कयाक ही मूळची ग्रीनलंड व उत्तर अमेरिकेच्या हिमप्रदेशांतील इनुइट लोकांची. लांकडाच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ती बनवीत, व शिकारी तिच्या पोटांत कमरेपर्यंत शिरून बसे. हल्लींची मासेमारीची कयाक बहुधा प्लास्टिकची अथवा फायबरग्लासची, बारा ते सोळा फूट लांब, सर्व बाजूंनीं बंद व आंतून पोकळ असते. मनुष्य तिच्या पोटांत न बसतां पाठीवर बसतो. पुष्कळ होड्यांच्या बैठकीपाशीं आरपार भोंकें ठेविलेलीं असतात, व लाटेनें वर टाकलेलें पाणी त्यांतून आपोआप खालीं निघून जातें. ही युक्ति आपल्या देशास नवी नाहीं. मद्रासकडील कोळी ओंडके एकत्र बांधून जें कट्टुमरम् करीत आले (तमिळ भाषेंत कट्टु म्हणजे बांधणें व मरम् म्हणजे लांकूड), त्याच्या फटींतून पाणी असेंच निथळून जातें. जें भरूंच शकत नाहीं, तें बुडणार कसें?

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांताचा किनारा ही या विद्येची मोठी शाळा आहे. दरबान शहराच्या दोहों बाजूंस उघडी वाळू, समोर थेट हिंदी महासागर, आणि आडोसा फारच थोडा. तेथील हौशी मच्छीमार ज्या माशाच्या मागें जातात त्यास ते 'कूटा' म्हणतात. आपल्या बाजारांतील सुरमईच ती. सुरमई लाटा फुटतात त्याच्या पलीकडे फिरते, म्हणून मधला फेंसाळ पट्टा ओलांडल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां थोडा हिशेब करूं. खोल समुद्रांत लाट धांवते, पण पाणी जागच्या जागीं गोल फिरतें. किनाऱ्याजवळ तळ वर येतो, लाटेचा पाय अडखळतो, आणि तिच्या उंचीच्या सुमारें सव्वापट खोली उरली कीं तिचा माथा पुढें कोसळतो; म्हणजे चार फुटांची लाट सुमारें पांच फूट पाण्यांत फुटते. फुटण्याचा पट्टा साठ मीटर रुंद आहे असें धरा. वल्हें मारणारा मनुष्य सेकंदास दीड मीटर जाईल, तर त्यास चाळीस सेकंद लागतील. लाटा दहा दहा सेकंदांनीं येत असल्या तर त्याला चार लाटा भेटणारच. तो कितीहि बलवान् असो, फार तर एखादी चुकवील. प्रश्न इतकाच उरतो, कीं त्या चार लाटा कोणत्या असाव्यात?

याचें उत्तर वाळूवर बसून मिळतें. दूरच्या वादळांत जन्मलेल्या लाटा वाटेंत एकमेकींत मिसळतात. कांहीं वेळ त्यांचे उंचवटे जुळतात व मोठ्या लाटांचा घोळका येतो, मग ते जुळेनासे होतात व कांहीं मिनिटें समुद्र नरम पडतो. आणि लाटेची उंची दुप्पट झाली कीं तींतील शक्ति दुपटीनें नव्हे, चौपटीनें वाढते. (आमच्या व्यायामशाळेंतील मंडळींनीं हा आंकडा भिंतीवर लिहून ठेवावा.) म्हणून जाणता मनुष्य होडी वाळूवर ठेवून पंधरावीस मिनिटें नुसता पाहत बसतो. घोळक्यांत लाटा किती, मधली उसंत किती, पाणी परत कोठून जातें, हें तो मोजतो. जाणाऱ्या-येणाऱ्यास तो आळशी वाटतो. वस्तुतः त्याचें निम्मेंअधिक काम याच वेळीं होत असतें.

दरम्यान गळाच्या काठ्या आडव्या करून बांधलेल्या असतात, झांकणें घट्ट लावलेलीं असतात, आणि होडी उलटणारच असें समजून प्रत्येक वस्तु दोरीनें अडकविलेली असते. तरंगतें जाकीट अंगांत असतेंच. घोळक्यांतील शेवटची मोठी लाट फुटली कीं तो गुडघाभर पाण्यांतून होडीवर चढतो, नाळ लाटेस अगदीं समोर ठेवतो, आणि पुढें वांकून थांबल्यावांचून वल्हें मारीत सुटतो. येथें मात्र बळ हवें, व संकोच नको. कारण अर्ध्यावर कचरणारा मनुष्य आडवा होतो, आणि आडवी होडी लाट उलथून टाकते. एक नियम तर प्राणाचा आहे: होडी व किनारा यांच्या मध्यें कधीं उभें राहूं नये. एक घनमीटर पाण्याचें वजन एक टन. तें होडीमागें लागलें तर पाय मोडावयास वेळ लागत नाहीं.

आणि पंधरावीस मिनिटें पाहून मन ग्वाही देईना तर? तर होडी उचलून घरीं न्यावी. आमच्या मतें या मनुष्याइतका सन्मानास पात्र दुसरा कोणी नाहीं. परंतु शाळेच्या क्रीडासमारंभांत पहिल्या येणाऱ्यास पेला मिळतो. न निघाल्याबद्दल पेला देणारी शाळा अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं. आपले कोळी बांधव तर हें शतकानुशतकें जाणतात. पावसाळ्यांत होड्या वर ओढून ठेवावयाच्या, जाळीं विणावयाचीं, व नारळी पौर्णिमेस समुद्राचा मान करून मग नव्यानें निघावयाचें, या रिवाजास भित्रेपणा म्हणण्याचें धाडस कोण करील?

हें सारें दूर आफ्रिकेचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. तोच महासागर अरबी समुद्र होऊन कोंकणास भिडला आहे. सन २०१६ च्या फेब्रुवारींत मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याच्या महाविद्यालयाचे दहांहून अधिक विद्यार्थी एकाच दुपारीं बुडाले. अशी वार्ता आली कीं घरोघरीं एकच आज्ञा निघते: पाण्याजवळ जाऊं नकोस. पालकांचें काळीज आम्ही जाणतों, तथापि एवढ्या आज्ञेनें मुलगा सुरक्षित होत नाहीं. तो एक दिवस जाणारच, आणि अडाणी जाईल.

त्यानें काय शिकून जावें याचा एकच मासला देतों. लाटांनीं किनाऱ्यावर आणलेलें पाणी एखाद्या अरुंद वाटेनें जोरानें परत जातें. या ओढीचा वेग सेकंदास आठ फुटांपर्यंत मोजलेला आहे. तेथें खोली अधिक, म्हणून लाटा फारशा फुटत नाहींत, व पाणी शांत दिसतें. सहलीस आलेल्यास नेमकी तीच जागा उतरण्यास बरी वाटते! जाणता कयाकवाला त्याच ओढीवरून होडी बाहेर काढतो. अजाण पोहणारा तिच्याशींच झगडत थकून जातो. तींत सांपडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून धडपडूं नये. अंग पाण्यावर तरंगत ठेवावें, हात वर करून मदत मागावी, व बळ असेल तर किनाऱ्यास समांतर पोहून ओढींतून बाहेर पडावें. पालकांनीं मुलांस किनाऱ्यावर घेऊन जावें, कोरड्या वाळूवर अर्धा तास बसवावें, व लाटा मोजावयास लावाव्या. ही वाट कोठें आहे तें मुलांनींच दाखवावें. गांवचा एखादा वृद्ध कोळी शेजारीं बसविला तर त्याच्याइतका उत्तम शिक्षक मिळणार नाहीं, आणि हें आम्ही शिक्षक असूनहि म्हणतों.

परत येणें हें जाण्याहूनहि अवघड. सुरमई मिळालेली असते, हात थकलेले असतात, घर समोर दिसत असतें, आणि लाटा आतां पाठीमागून येतात. म्हणून फेंसाच्या बाहेर पुन्हां थांबावें लागतें. काठ्या पुन्हां बांधाव्या, घोळका पुढें जाऊं द्यावा, व शेवटच्या लाटेच्या पाठोपाठ आंत शिरावें. मागून दुसरी आली तर वल्हें उलटें मारून तिला पुढें काढावें. वाळू लागतांच समुद्राच्या बाजूस उतरून, होडी पुढें ढकलीत, तिच्या मागून लगबगीनें बाहेर यावें. पुढचा घोळका तोंवर येतच असतो.