चवदार तळ्याचा वारसा पोशीरचाही

रायगड जिल्ह्याच्या उत्तर अंगाला कर्जत तालुक्यातील पोशीर, तर दक्षिणेला महाड. अंतर बरेच, पण जिल्हा एक आणि म्हणून वारसाही एक. पोशीर परिसरात हौतात्म्याचा विषय निघाला की माथेरानचे भाई कोतवाल आणि २ जानेवारी १९४३ चा सिद्धगड आठवतो. ते योग्यच आहे. मात्र त्यापूर्वी सोळा वर्षे, तेव्हाच्या याच कुलाबा जिल्ह्यात नागरी हक्कांचा जो लढा झाला, तो ‘त्यांचा’ म्हणून बाजूला ठेवण्याची सवय सुशिक्षित घरांतही आढळते.

सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत करून घेतला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर! तळ्यात हात घालण्यासाठी २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले आणि हजारो अनुयायांनी त्यांचे अनुकरण केले.

पुढचा भाग अभिमानाच्या भाषणांतून गळतो. परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. जेथे गुरे पाणी पीत, ते तळे माणसांच्या स्पर्शाने बाटले म्हणून त्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, वाद न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ च्या मार्चमध्ये लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! हल्लेखोर परके नव्हते, स्वतःस धर्मरक्षक म्हणविणारे हिंदूच होते. बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिलेले अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हेही हिंदूच, तेही तथाकथित वरच्या जातींतले. वारसा सांगायचा तर दोन्ही बाजू सांगाव्या लागतील. केवळ दुसरीच नावे घेणे ही सोयीची स्मरणशक्ती झाली.

अमेरिकेतील माँटगोमेरीचा बसबहिष्कार १९५५ चा. तो आपल्या मुलांना ठाऊक असतो. त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधीचे महाड मात्र पाठ्यपुस्तकातील एका परिच्छेदापुरते उरते. रायगडावर निघालेली कितीतरी कुटुंबे महाडवरूनच जातात. तळे गावातच आहे. फारशी वाट वाकडी करावी लागत नाही.