वाळूच्या टेकड्यांवर मोटार

जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरांवर सम नावाचे गाव आहे. थरच्या वाळवंटातील वाळूच्या उंच टेकड्या पाहावयास तेथे दूरदूरचे प्रवासी येतात. पूर्वी त्यांवर उंटावर बसून जात. आता जीपगाड्याही चढतात. माथ्यावरून गाडी पलीकडे झेपावली, की आतील मंडळी आनंदाने ओरडतात. यात मौज आहे खरी. पण ती वाटेल तेथे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाळूवर मोटार चालविणे ही एक विद्याच आहे. राल्फ बॅगनोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९३० साली लिबियाच्या वाळवंटातील वाळूचा सागर मोटारींतून ओलांडला. चाकांतील हवा कमी केली म्हणजे चाक पसरते व सहसा रुतत नाही. रुतलेच तर खाली पोलादी पट्ट्या सरकवाव्यात, हे तो अनुभवाने शिकला. वारा वाळूचे कण सौम्य उतारावरून ढकलीत माथ्यावर नेतो आणि तेथून ते पलीकडच्या तीव्र उतारावर घसरतात. या हालचालीवर त्याने १९४१ साली शास्त्रीय ग्रंथ लिहिला. अशा मोटारीस कोण नावे ठेवील?

"चाकांच्या खुणा वारा एका रात्रीत पुसतो, मग बिघडले कोठे?" असे कोणी विचारील. उघड्या, सरकत्या टेकडीपुरते हे खरे आहे. परंतु थरमधील पुष्कळ टेकड्यांवर सेवण गवत व फोगाची झुडपे वाढतात आणि त्यांच्या मुळ्या वाळू बांधून धरतात. झुडपे मोडली, की ती वाळू मोकळी होते आणि वाऱ्याबरोबर बाजरीच्या शेतांवर जाऊन पडते. वारा खुणा पुसतो. झुडूप पुन्हा लावीत नाही! टेकड्यांवर झाडे लावून वाळू थोपविण्यासाठी जोधपूर येथे १९५२ पासून संशोधन चालत आले आहे. एकाने बांधावे आणि दुसऱ्याने गंमत म्हणून मोडावे, हा कोठला न्याय?

शिवाय त्याच भागात १९८० साली जाहीर झालेले मरू राष्ट्रीय उद्यान आहे. आपल्या सोलापूरजवळील नान्नजच्या माळावर ज्या पक्ष्यासाठी अभयारण्य केले, तो माळढोक तेथील गवताळ माळांवर राहतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. वाट सोडून धावणाऱ्या गाडीला ते दिसणार कसे?

म्हणून काही उघड्या टेकड्या मोटारींसाठी नेमून द्याव्यात. इतरांवर पायीच जावे. तेही पहाटे जावे. रात्री हिंडलेल्या भुंगेऱ्यांच्या आणि उंदरांच्या पावलांची नाजूक नक्षी तेव्हा वाळूवर उमटलेली असते. ऊन चढून वारा सुटला, की ती दिसत नाही.